समुद्राची पाहणी

भाऊ, आपण रावेरला आलो तेव्हा आपल्याकडे दोन गाठोडी आणि कडी तुटलेली एक पत्र्याची पेटी होती. मला त्यातलं काहीच आठवत नाही, मी मायच्या कडेवर होते. पण तू इतक्यांदा सांगितलंस की आता वाटतं, ती पेटी मीच उचलून आणली होती. शिंदखेड्याकडच्या आपल्या गावात पावसाळा संपला की हाताचं कामही संपायचं. आप्पांनी कोणाकडून तरी ऐकलं की तापीच्या काठाला केळीत बाराही महिने मजुरी मिळते, आणि आपण निघालो. एका बागाईतदारानं बागेच्या कडेला राहायला जागा दिली. तुऱ्हाट्यांचा कूड, वर केळीची वाळलेली पानं. वारा सुटला की छप्पर उडायचं आणि तू ते बागेत शोधून परत आणायचास. गळालेली, फुटलेली केळी आपल्याला फुकट होती, म्हणून भाकरीशी केळं, भाताशी केळं, आणि कधी भाकरी-भात काहीच नसलं की नुसतंच केळं. आज मला कोणी शिकरण वाढायला आलं की मी ताटावर हात आडवा धरते, तो त्या दिवसांमुळे.

आप्पांची कंबर गेली तेव्हा तू आठवीत होतास. दुसऱ्या दिवशी तू शाळेत न जाता केळी कापणाऱ्या टोळीबरोबर गेलास. कोणी तुला जा म्हटलं नाही, कोणी जाऊ नको असंही म्हटलं नाही. त्यावर आपण दोघं कधी बोललो नाही. मला बोलायचंही नव्हतं, कारण तू त्या गोष्टीला त्याग वगैरे म्हणू दिलं नसतंस. तुला शाळा आवडतच नव्हती, हे तू मायसमोर शपथेवर सांगायचास.

मी शिकले. आपल्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी सगळे पेढ्यांचे पुडे घेऊन आले होते. तू खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन कॉलेजच्या दारातून आत आलास, चिकानं काळी पडलेली ती फुल बाह्यांची बंडी घालून, आणि थेट प्राचार्यांच्या टेबलावर घड ठेवलास. "सर, बहीन पास व्हयनी." शिपाई हसला. सर हसले नाहीत. उठून उभे राहिले, आणि मग शिपायालाच घड सोडवायला लावून सगळ्या वर्गांत फण्या वाटल्या.

तुझा जन्म कधीचा, तू गेलास कशानं, मागे कोण कोण आहे, हे ज्यांना हवं असेल त्यांनी चौकातला फलक वाचावा. फलकावरचा तुझा फोटो चांगला नाही. मी वहिनीला म्हटलं होतं, होडीतला लावा. ती म्हणाली, होडीतल्या फोटोत ते हसतायत, फलकावर हसरा माणूस बरा दिसत नाही. पण मला अजून पटलेलं नाही.

तू मुकादम झाल्यावर तुझ्या दोन रीती होत्या. एक, उद्या ज्या बागेत कापणी, तिथे आज संध्याकाळी तू एकटा जायचास. हातात विळा नाही, काही नाही. ओळीओळीनं फिरायचं. कोणता घड तयार आहे, कुठे चिखल आहे, ट्रक कुठे लागेल, ठिबकची नळी कुठे पायात येईल. याला तू पाहणी म्हणायचास. दुसरी रीत सकाळची. टोळी जमली की कामाला हात लावायच्या आधी तू एकच प्रश्न विचारायचास, "कोनं काही दुखस का?" ज्याचं दुखत असेल त्यानं सांगायचं, लाजायचं नाही. त्याला त्या दिवशी ट्रकात पानं अंथरायचं हलकं काम, मजुरी तीच. आणि दुखत असून जो सांगणार नाही त्याच्यावर तू जे तोंड सोडायचास, ते बागेच्या पलीकडे ऐकू जायचं. "चक्कर उनी तं तू एकटा नई पडस, मांगला बी पडस!"

सहलीसुद्धा तू अशाच काढायचास. पालच्या जंगलात, मनुदेवीच्या धबधब्याला, चाळीसगावकडे पाटणादेवीला. आधीच्या रविवारी एसटीनं एकटा जाऊन यायचास, मग पुढच्या रविवारी आम्हाला न्यायचास. माय म्हणायची, "एकदा दखी उना ना तू? मग पुन्हा कसाले?" तू हसायचास. तिथे पोहोचलो की तू आमच्या पुढे, आणि आमचा पाय पडायच्या आधी तुझी सूचना, हा दगड हलतो, या झाडाच्या पलीकडे मधमाश्यांचं पोळं आहे, इथलं पाणी गुडघ्याएवढं, तिथलं कमरेएवढं. खरं सांगू? मला कधी कधी राग यायचा. तुझ्यासोबत गेलं की आपल्यासाठी नवं काही उरायचंच नाही. मी एकदा तसं म्हटलंही. तू म्हणालास, "नवं दखाले मी जास ना. तुम्ही मजा करा."

आणि मग अंदमान.

दुपारी जेवण झालं की टोळी बागेत सावलीला आडवी होते. तेव्हा कोणाच्या तरी मोबाइलवर तू तिथला समुद्राखालचा व्हिडिओ पाहिलास आणि मला धुळ्याला ऑफिसात फोन केलास. माझ्यासमोर कालव्याला पाणी सोडायच्या आवर्तनाची फाइल उघडी होती.

"बाई, समिंदर दखाना शे."

"मुंबईला चल की. एका दिवसात दाखवते."

"तो वरतून. माले खालतून दखाना शे. वर तं नुसतं पानी शे. बठ्ठं खाले शे!"

मला वाटलं, आठवडाभरात विसरशील. पण त्यानंतर दोन हिवाळे तू दुसरं बोललाच नाहीस. कोणी खारफुटीतून छोट्या होडीनं जाऊन आलं की तू त्याचा व्हिडिओ पाहायचास, कोणी जंगलातून टेकडी चढून गेलं की त्याचा. आणि तुझं काम पाहता पाहता सुरू झालं होतं, कोण काय करणार हे ठरवायचं. आप्पा तोवर राहिले नव्हते. जशी कापणीला माणसं लावायचास तशीच तू आम्हा तिघींना लावलीस. माय काचेच्या तळाच्या बोटीत बसणार. वहिनी होडी वल्हवणार. टेकडी सगळ्यांनी चढायची, मायला खालच्या चहाच्या टपरीवर ठेवून. आणि समुद्राच्या तळाशी, पाठीला नळकांडं बांधून, तू आणि मी.

"मी का? वहिनीला घेऊन जा."

"तिले पान्यानं भ्याव नई. तुले शे. म्हनीसन तू."

इथे आपलं जुनं भांडण पुन्हा उभं राहिलं. टोळीतल्या पंचवीस-तीस पोरांना तू ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोहायला शिकवलंस, एक मी शिकले नाही. विहिरीच्या काठाला बसून अभ्यास करायचे, पण पाय आत सोडायचे नाही. मला नोकरी लागली तीही नेमकी पाटबंधाऱ्यात, आणि तुला आयतंच सापडलं. "पान्यावर पगार खास, अन् पान्यामा पाय घालत नई!" ऑफिसातले लोक घरी आले की त्यांच्यासमोर हे हमखास. मी म्हणायचे, कागदावरचं पाणी मला सगळं कळतं, उरलेलं तू बघ. तू म्हणायचास, कागद ओला झाला की काय करशील?

अंदमानची पाहणी तुला करता येईना, इथे खरी अडचण झाली. ज्या जागी तू आधी जाऊन आला नाहीस अशा जागी तू आम्हाला कधी नेलं नव्हतंस. मग तू त्यावर दोन उपाय काढलेस. पहिला, तालीम. कुरियरनं चष्मे आणि तोंडात धरायच्या नळ्या मागवल्यास आणि बागेतल्या हौदात तालीम लावलीस. मोटारीचं पाणी हौदात धबाधबा पडतंय, सारी टोळी कठड्यावर बसलीय, आणि तू फुल बाह्यांची बंडी घालून पाण्यात, डोकं खाली, नुसती नळी वर. माय काठी टेकत बघायला आली.

"ट्रॅक्टरना सायलेन्सर तोंडमा धरीसन बठना का रे?"

टोळी इतकी हसली की एक जण मागच्या मागे हळदीच्या वाफ्यात पडला. मग माझी पाळी. मी कठडा दोन्ही हातांनी धरून तोंड बुडवलं आणि ठसकत वर आले. पुन्हा बुडवलं, पुन्हा ठसका.

"तोंडानं श्वास घे. नाक इसर."

"इतकी वर्षं नाकानं घेतेय. आता इसरू कसं?"

"बी.ए. ले काय शिकनी मग?"

"इतिहास!"

तू हौदात उभा राहून टाळ्या वाजवल्यास. त्या दिवशी मी चौथ्या-पाचव्या वेळी डोळे उघडले आणि पाण्याखाली तुझे पाय दिसले, हिरवट, मोठे मोठे, नखं चिकानं काळी. तेवढंच दिसलं. पण मी ओरडून सांगितलं, दिसलं म्हणून.

दुसरा उपाय फोनचा. खारफुटीतून होडी नेणाऱ्याचा नंबर तू कुठून तरी मिळवलास आणि निघायच्या चार दिवस आधी स्पीकरवर ठेवून त्याला विचारलंस, "आपके यहाँ पानी कब छोड़ते हैं?"

तिकडून तो म्हणाला, "छोड़ते नहीं साहब, अपने आप आता है।"

"कोई छोड़ता नहीं? फिर आज कब आया?"

"आज तो नौ बजे भर गया था।"

"बस, हो गया!" तू फोन ठेवलास आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलंस, होडी, सकाळी नऊ. माझ्याकडे वळून म्हणालास, तुमच्या खात्याचा माणूस तिथे नाही वाटतं. आपण कालव्याकाठची माणसं. आपल्याकडे आवर्तन ठरलं की पाणी त्या वाराला, त्या वेळेला येतं. मला तरी कुठे सुचलं? भरती-ओहोटी चंद्रावर चालते, हे शाळेत परीक्षेपुरतं लिहिलं होतं. ती रोज पुढे पुढे सरकते, हे कोणी विचारलं नव्हतं.

भुसावळहून कोलकात्याच्या गाडीत बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वेफर्सचं पोतं. पोतंच म्हणते, कारण ते पोतंच होतं. विमानात मायनं पट्टा बांधून घेतला आणि उतरेपर्यंत हवाईसुंदरीला "बाई, तूबी बस ना वं" म्हणत राहिली. आणि बेटावर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आपण चौघं, अंगात ती नारिंगी जाकिटं घालून, खाडीच्या काठी उभे. समोर पाणी नाही. चिखल. चिखलात होड्या आडव्या पडलेल्या, आणि खेकडे इकडून तिकडे पळतायत.

तू कमरेवर हात ठेवून बघत राहिलास. मग माझ्याकडे वळलास.

"आवर्तन बंद कयं का यास्नी?"

होडीवाल्यानं चंद्र, भरती, सगळं समजावलं. तुला ते इतकं आवडलं की तू चिडलाच नाहीस. पाणी येईपर्यंत त्याच्याजवळ उकिडवा बसून विचारत राहिलास, उद्या किती वाजता, परवा किती, अमावस्येला किती. दुपारी खाडी भरली. मायला काठावर बसवून वहिनीनं वल्हं हातात घेतलं आणि धान्य पाखडावं तशी हलक्या हातानं निघाली. आपण दोघं मागे, आपली होडी गोल गोल फिरतेय, मुळांमध्ये अडकतेय, आणि पुढून वहिनी पहिल्यांदाच तुला हुकूम सोडतेय, "डावीकडे मारा! डावीकडे! मुकादम कोनी कयं तुम्हले?" तुझा तो हसरा फोटो तेव्हाचा.

टेकडीही झाली. बाजारात एका बाईच्या टोपलीतली केळी हातात घेऊन तू म्हणालास, आठ दिवस आधी कापलीत. तिनं दोन केळी फुकट दिली, तुझं तोंड बंद व्हावं म्हणून. मला ते चार दिवस आता एखाद्या लांबच्या लग्नासारखे आठवतात. सगळे मोठ्यानं बोलतायत, सगळे काहीतरी खातायत, आणि काळजी कशाचीच नाही.

शेवटच्या दिवशी समुद्र. वाळूवर आपल्याला बसवून त्या शिकवणाऱ्या पोरीनं सगळं समजावलं. कान दुखला तर काय करायचं, वर जायचं असेल तर अंगठा, ठीक असेल तर बोटांचं गोल. तू प्रत्येक खूण तिच्यासोबत करत होतास. मग तिनं विचारलं, "किसी को कोई तकलीफ़ है? दिल, साँस, बीपी, कुछ भी?"

हा तुझाच प्रश्न होता, भाऊ. फक्त भाषा वेगळी.

आणि तू हात वर केलास. "मेरे को है। दिल की नली में रुकावट है। जलगाँव के डॉक्टर ने बोला।"

वहिनीच्या हातातली पिशवी खाली पडली. "काय बोली राहिनात तुम्ही?" माय लांब सावलीत होती, तिला ऐकू गेलं नाही, तेवढं बरं झालं. ती पोरगी हळू आवाजात म्हणाली, "फिर आप पानी में नहीं जा सकते, अंकल।" तू मान हलवलीस, जशी तू स्वतः एखाद्या माणसाला हलकं काम देताना हलवायचास. मग विचारलंस, "नाव में बैठूँ?"

"नाव में बैठिए।"

मी म्हटलं, मी पण जात नाही. आत्ताच्या आत्ता सामान भरायचं आणि डॉक्टरकडे जायचं. तू म्हणालास, डॉक्टर जळगावला आहे, तो कुठे पळून जात नाही. समुद्र इथे आहे. मी रडत होते, भांडत होते, पायातली चप्पल काढून वाळूवर आपटत होते. तू ती चप्पल उचलून वाळू झटकलीस, आणि बाजूला ठेवलीस.

"तू जाय. नई तं पाहनी कोन करी?"

मी गेले. भीती मोडली म्हणून नव्हे. भीती जशीच्या तशी होती. पण तुझ्यासाठी कोणीतरी आधी जाऊन येण्याची ती एकच वेळ होती, आणि ते काम मला लागलं होतं.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या ओट्यावर आपलं भांडण झालं ते पूर्ण झालंच नाही. मी विचारलं, लपवलंस का? तू म्हणालास, "लपाडं नई. कोनी इचारंच नई." मी म्हटलं, हे काय उत्तर झालं! तू वाकून चटणीची पुडी सोडत होतास. खरंच होतं ते. टोळीतल्या प्रत्येकाला तू रोज सकाळी विचारायचास. मुकादमाला विचारायची रीत कोणी पाडलीच नव्हती. ना टोळीनं, ना घरानं. मी तुला डॉक्टर, ऑपरेशन, पैसे, रजा, सगळं बोलले. तू म्हणालास, या बागा एकदा उतरू दे. मी म्हटलं, केळीच्या बागा कधी संपतात का रे? त्यावर तू विषय बदललास.

"बरं. सांग. काय काय दखं?"

मी सांगायला लागले. परतीच्या गाडीत सांगितलं, रावेरला सांगितलं, मग धुळ्याहून फोनवर. हळदीच्या रंगाचा मासा, चपटा, आपल्याकडे वळून बघणारा. केळफुलासारखे जांभळे पोवळ्याचे गोळे, पाकळ्या उघडताना दिसतात तसे. दगडाला चिकटून राहिलेलं काळं काकडीसारखं काहीतरी, ते जिवंत होतं. एक झुंड आली, हजारो बारीक मासे, आमच्या अंगावरून गेली आणि मध्ये आमच्याएवढी फट ठेवून गेली. तू प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "आखो काय?" मी म्हणायचे, झालं. तू म्हणायचास, "झालं कसं? बी.ए. शे ना तू? नीट सांग." मग मी आणखी एखादी गोष्ट आठवून सांगायचे, आणि तुझं पुन्हा तेच, "आखो काय?"

फोन बंद झाले त्याला आता थोडेच दिवस झाले. लोक घरी येतात आणि समजूत घालतात. टोळीत काम केलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "मुकादम पुढे पाहनीले गया." बिचाऱ्यांनी प्रेमानं म्हटलं. पण भाऊ, मला ते बोलणं सहन होत नाही. पाहणीला गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो, हातपाय धुतो, आणि कुठे चिखल आहे ते सांगतो. तू तसा गेलेला नाहीस. उगाच गोड बोलून मला हे हलकं करायचं नाही.

तुझ्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीला, टोळी आली होती. रघुनाथ आता मुकादम झालाय, तुझ्याच हाताखाली शिकलेला. जेवणं झाल्यावर त्यानं मला एक सांगितलं. आता सकाळी तो सगळ्यांना विचारतो, कोनं काही दुखस का. मग टोळी एका आवाजात त्याला उलटं विचारते, "अन् तुनं?" पहिल्या दिवशी तो चिडला, म्हणे. आता उत्तर देतो. परवा म्हणाला, दाढ दुखतेय, तर त्यांनी त्याला ट्रकात पानं अंथरायला बसवलं. मी हे ऐकून हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

तुला न सांगितलेल्या दोन गोष्टी राहिल्यात. त्या आता सांगते, कारण तू "आखो काय" विचारणारच.

एक, आवाज. मला वाटायचं, पाण्याखाली सगळं मुकं असेल. तसं नाही. तिथे सारखा बारीक तडतड आवाज असतो, तव्यावर तीळ टाकल्यासारखा. कुठून येतो कळत नाही, सगळीकडून येतो. त्या पोरीनं नंतर सांगितलं, बारीक कोळंब्या करतात. मी तुला हे सांगायचं विसरत गेले, कारण तू नेहमी "दखं" काय ते विचारायचास. ऐकलं काय, ते विचारलंच नाहीस.

दुसरी गोष्ट मी विसरले नव्हते. मी ती ठेवून घेतली होती. आम्ही खाली पोहोचलो. पोरीनं माझं नळकांडं मागून धरलेलं होतं. तोंडानं श्वास घेताना दर वेळी वाटायचं हा शेवटचा. मी मान वर केली, वर जायची खूण करावी म्हणून अंगठा उचलला होता. वर आपल्या बोटीचा तळ दिसत होता, लहान, काळा, उन्हात हलणारा. आणि बोटीच्या कडेवरून एक हात पाण्यात आला होता. कोपरापर्यंत. फुल बाहीचा. बोटं पसरलेली, हळूहळू पुढे-मागे होणारी, जसं कोणी झाकलेल्या भांड्यात काय आहे ते चाचपून बघतं.

मी अंगठा खाली घेतला. बोटांचं गोल केलं, तिला दाखवलं, ठीक आहे म्हणून.

मी वर आले तेव्हा तू बाही पिळत होतास. मी बघितलं, तर म्हणालास, "लाट उनी, पानी उडनं." समुद्र त्या दिवशी आपल्या हौदाइतका शांत होता. मी म्हटलं, हो, लाट होती. तुला कोणी पाहिलंय हे तुला कळू नये, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, सांगितलं असतं तर तू हसला असतास. की ओशाळला असतास? हे भांडण मी आता एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते, आणि कोणतीच बाजू हरत नाही.

माय बरी आहे. शेजारणी येतात तेव्हा ती त्यांना काचेतून पाहिलेले मासे सांगते, आणि दर वेळी मासे मोठे होत जातात. वहिनीनं होडीचा फोटो घरात, देवघराच्या बाजूला लावलाय. तिथे हसरा चालतो, म्हणाली.

भाऊ, आपण चौघं अंदमानला गेलो. मी समुद्रात उतरले. तळाच्या वाळूला हात लावला, डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं आणि वर येऊन तुला सांगितलं.